समुद्राकडे जाण्याआधी : इस्लामपूर आणि परिसरातून सहलीला निघणाऱ्या सर्वांना आवाहन

दिवाळीची सुट्टी जवळ आली की इस्लामपुरातल्या घराघरांत कोकणचे बेत सुरू होतात. कुणी कराड-पाटणवरून कुंभार्ली घाट उतरून गुहागर गाठतं, कुणी मलकापूरवरून आंबा घाटानं गणपतीपुळ्याला जातं, कुणी त्याहून खाली मालवण-तारकर्लीला. दिवाळी सरते न सरते तोच शाळांच्या सहली निघतात. एकेका एसटीत चाळीस-पन्नास मुलं, सोबत तीन-चार शिक्षक. यातल्या बऱ्याच मुलांनी समुद्र आधी कधी पाहिलेलाही नसतो. सहलींची पत्रकं छापून व्हायच्या आत, गाड्या ठरायच्या आत हे तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून आज लिहिते आहे.

मागणं आधीच सांगते, कारणं नंतर. तुम्ही किनाऱ्यावर असताना जमीन जोरानं किंवा बराच वेळ हादरली, समुद्राचं पाणी काही मिनिटांत दूरवर मागे गेलं, भरतीची वेळ नसताना ते वाढतच राहिलं, किंवा समुद्राकडून सतत मोठा घरघराट येऊ लागला, तर यातली एकच खूण पुरेशी माना. चपला, पिशव्या, गाडी जिथल्या तिथे सोडा, मुलांचे हात धरा आणि पायी उंचावर चढा. दुसऱ्या खुणेची वाट पाहू नका. कुणी येऊन सांगेल म्हणून थांबू नका.

‘त्सुनामीशी आपला काय संबंध?’ असं इथं कुणीही विचारेल. इस्लामपूर समुद्रापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास, पाचशे मीटरांहून जास्त उंचीवर, आणि मध्ये अख्खा सह्याद्री. त्सुनामीची लाट इस्लामपूरला येणार नाही हे खरंच आहे. इस्लामपूरची माणसं मात्र समुद्रावर जातात, आणि तिथल्या खाणाखुणा ठाऊक नसलेली माणसं म्हणून जातात. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राकडून त्सुनामी आली, तेव्हा मार्गशीर्ष पौर्णिमा होती, दत्तजयंतीचा दिवस आणि वर रविवार. औदुंबर-नृसिंहवाडीच्या वाटेवर आपल्याकडची माणसं होती, त्याच सकाळी तमिळनाडूत वेलांकण्णीच्या किनाऱ्यावर नाताळासाठी लांबून आलेले भाविक होते. तिथं गेलेल्या बळींत अशा पाहुण्यांची संख्या मोठी होती. कन्याकुमारीला विवेकानंद शिलास्मारकावर शेकडो पर्यटक अडकून पडले. आपल्या भागातल्या किती जणांनी आयुष्यात एकदा तरी ती कन्याकुमारीची सहल केली आहे, ते आठवून बघा.

अरबी समुद्र त्सुनामीपासून सुटलेला आहे, असं समजणारे पुष्कळ भेटतात. तसं नाही. २८ नोव्हेंबर १९४५ ला पहाटे साडेतीनच्या सुमारास आजच्या पाकिस्तानातल्या मकरान किनाऱ्यासमोर समुद्राखाली ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. पसनी आणि ओरमारा ही तिथली बंदरं लाटांनी झोडपून काढली. मुंबई तिथून साधारण बाराशे किलोमीटर. सकाळी आठ वाजून गेल्यावर, म्हणजे जवळजवळ पाच तासांनी, मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी चढलं. लाट सहा-साडेसहा फुटांची होती. वर्सोवा, हाजी अली अशा ठिकाणी मिळून १५ माणसं वाहून गेली. सहा फूट ऐकून काहींना ते किरकोळ वाटेल. पण वेगानं वाहणारं गुडघाभर पाणी धडधाकट माणसाला आडवं करतं, हे कृष्णेच्या पुरात उतरलेल्या कुणालाही विचारा. शिवाय १९४५ च्या आणि आजच्या किनाऱ्यात फरक आहे. तेव्हा गुहागरच्या वाळूत सुट्टीच्या दिवशी शेकडो पर्यटक नव्हते, गणपतीपुळ्याला गाड्या लावायला जागा मिळत नाही अशी गत नव्हती.

आता हे घडतं कसं. भूगोलाची शिक्षिका म्हणून माझा अनुभव असा की यंत्रणा नीट कळली की माणूस वेळेला पळतो. नुसती सूचना ऐकलेला माणूस मोबाइल काढून चित्रण करत उभा राहतो.

भूकंप आपल्याला नवा नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं. ६.३ तीव्रतेच्या त्या धक्क्यात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, हजारो जखमी झाली आणि धक्का मुंबई-गोव्यापर्यंत जाणवला. त्यानंतर कोयना आणि पुढे वारणा जलाशयाच्या परिसरात लहानमोठे धक्के आजतागायत बसत आहेत. कराडला केंद्र सरकारची खास प्रयोगशाळा त्यासाठी काम करते, जमिनीत तीन किलोमीटर खोल विवर खोदून तिनं अभ्यास केला आहे. वाळवा तालुक्यात रात्री भांडी वाजली तर लोक ‘कोयनेत झालं असेल’ म्हणतात आणि कूस बदलतात. ही सवय मात्र कोकणात सोबत नेऊ नका.

कोयनेच्या भूकंपात भेगेच्या दोन्ही बाजूंची जमीन मुख्यतः आडवी सरकली, एक बाजू एकीकडे, दुसरी उलट दिशेला. समुद्राच्या तळाशी असा आडवा भूकंप झाला तर वरचं पाणी फारसं उचललं जात नाही. ११ एप्रिल २०१२ ला सुमात्राच्या पश्चिमेला खोल समुद्रात ८.६ तीव्रतेचा प्रचंड भूकंप झाला. चेन्नईत लोक इमारतींबाहेर धावले, पण किनाऱ्यावर आलेली लाट मोठ्यात मोठी मीटरभराची होती. तळ आडवा सरकला होता, म्हणून.

मकरान आणि सुमात्राच्या किनाऱ्यांसमोर मात्र पृथ्वीच्या कवचाचा एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो आहे. मकरानला अरबी भूपट्ट युरेशियाच्या खाली, सुमात्रा-अंदमानच्या बाजूला भारतीय भूपट्ट पूर्वेकडच्या पट्ट्याखाली. वेग वर्षाला काही सेंटिमीटरच. पण हे सरकणं सुरळीत होत नाही. खडकाला खडक अडकतो. खालचा भूपट्ट पुढे जातच राहतो आणि अडकलेल्या जागी वरच्याची कड सोबत खाली ओढत नेतो. वरचा भूपट्ट वाकतो, पिढ्यानपिढ्या वाकत राहतो. एक दिवस तो अडसर तुटतो आणि वाकवलेली वेताची छडी सुटावी तशी ती कड वर उसळते. २००४ साली ही तुटण्याची क्रिया सुमात्रापासून अंदमानपर्यंत साधारण बाराशे किलोमीटर धावत गेली आणि काही मिनिटांतच संपली. समुद्रतळ जागोजागी काही मीटर वर आला.

त्या तळावर किलोमीटरच्या किलोमीटर खोल पाणी उभं असतं. पाणी दाबलं जात नाही, आणि इतक्या कमी वेळात त्याला बाजूलाही होता येत नाही. म्हणून तळ जेवढा उचलला गेला, जवळजवळ तेवढंच वरचं सगळं पाणी उचललं जातं. त्याच वेळी कडेच्या मागचा भाग खचतो आणि तिथला समुद्र खाली बसतो. समुद्राच्या पाठीवर शेकडो किलोमीटर लांबीचा उंचवटा आणि त्याला लागून खळगा तयार होतो. मग पाणी समपातळीत यायला धावतं, आणि ते धावणं म्हणजेच त्सुनामी.

यातून एक फार महत्त्वाची गोष्ट निघते. उंचवट्याच्या बाजूला असलेल्या किनाऱ्यावर आधी पाणी वाढतं, खळग्याच्या बाजूला आधी ओसरतं. २००४ ला थायलंडच्या किनाऱ्यावर समुद्र आधी मागे गेला. भारत आणि श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी पहिल्यांदा पाणी चढलं. तेव्हा ‘समुद्र आत गेला तरच त्सुनामी’ असं मुलांना शिकवू नका. मकरानची लाट कोकणात येताना पाणी आधी वाढूही शकतं.

नेहमीच्या लाटा वाऱ्यानं उठतात. त्या वरच्या थराला हलवतात आणि काही सेकंदांच्या अंतरानं येतात. त्सुनामीत तळापासून पृष्ठभागापर्यंत सगळं पाणी चालत असतं आणि एका लाटेपासून दुसरीपर्यंत दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ जातो. म्हणून ती फुटून परत जात नाही. पाणी आत येतच राहतं, मिनिटामागून मिनिटं, आणि वाटेतल्या होड्या, लाकडं, गाड्या घेऊन येतं. चार किलोमीटर खोल समुद्रात तिचा वेग ताशी सातशे किलोमीटर असतो, पण उंची मीटरभरही नसते. वरून जाणाऱ्या मच्छीमाराला ती कळतही नाही. किनारा जवळ आला, पाणी उथळ झालं की पुढचा भाग मंदावतो. पन्नास मीटर खोलीला ताशी ऐंशी, दहा मीटर खोलीला ताशी पस्तीसच्या आसपास. मागचं पाणी पुढच्यावर येऊन चढतं आणि उंची वाढत जाते. मुंबईसमोरचा समुद्र फार लांबवर उथळ आहे, म्हणून १९४५ ला लाटेला यायला इतका वेळ लागला. पण मंदावलेली लाटसुद्धा वाळूत पळणाऱ्या माणसापेक्षा जोरात येते. ती डोळ्यांना दिसली तेव्हा पळायची वेळ बहुधा निघून गेलेली असते.

ओहोटी आणि त्सुनामीत गल्लत होऊ नये. भरतीनंतर ओहोटी पूर्ण व्हायला साधारण सहा तास लागतात, पाणी सावकाश उतरतं. काही मिनिटांत खडक उघडे पडले, मासे तडफडताना दिसले, होड्या वाळूत कलंडल्या, तर तो समुद्र परत येणार आहे. २००४ मध्ये अनेक किनाऱ्यांवर मुलं अशा उघड्या पडलेल्या तळावर शिंपले वेचायला धावली होती.

लाट समोरूनच येते हाही गैरसमज आहे. सुमात्रा भारताच्या पूर्वेला, तरी त्या दिवशीची लाट श्रीलंकेला वळसा घालून केरळच्या पश्चिम किनाऱ्यावर आली आणि कोल्लम जिल्ह्यात माणसं मेली. कोकणात याला जोड खाड्यांची. दाभोळची, जयगडची, विजयदुर्गची खाडी आत दूरपर्यंत गेलेली आहे. निमुळत्या खाडीत शिरलेलं पाणी वर चढतं आणि समुद्र नजरेआड असलेल्या गावात पोचतं. म्हणून पळताना खाडीच्या काठाकाठानं आत जाऊ नका, पुलावर थांबू नका. सरळ चढ गाठा.

कोकणची रचना इथं तुमच्या मदतीला येते. बहुतेक किनारी गावांत आधी वाळूची पुळण, मग माडा-पोफळींच्या वाड्या, मग घरं आणि लगेच डोंगर चढून कातळाचा सडा. या वाडीतून सड्यावर जाणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या वाटा असतात, त्यांना तिथं पाखाडी म्हणतात. उतरल्या उतरल्या घरमालकाला किंवा लॉजवाल्याला पहिला प्रश्न हा विचारा : सड्यावर जायची पाखाडी कुठून? मग मुलांना घेऊन ती एकदा चालून या. सूर्यास्त तिथूनही छान दिसतो. समुद्रसपाटीपासून तीस मीटर उंची गाठली की पुरे. गाडीनं जायचा मोह टाळा. हे रस्ते एकेरी असतात, एक बस आडवी झाली की मागच्या सगळ्या अडकतात. चढ गाठता येणार नसेल तर सिमेंट-काँक्रीटच्या भक्कम इमारतीचा तिसरा मजला किंवा त्यावर. आणि वर गेलात की वरच थांबा. पहिली लाट ओसरल्यावर सामान आणायला खाली गेलेली माणसं दुसऱ्या-तिसऱ्या लाटेत सापडतात, कारण पुढची लाट पहिलीपेक्षा मोठी असू शकते. अधिकृतपणे कळेपर्यंत खाली उतरायचं नाही, मग चार तास लागोत की आठ.

सिंधुदुर्ग किंवा जंजिऱ्याला होडीतून जाताना काही झालं तर तांडेल सांगेल ते निमूट ऐका. खोल पाण्यातली होडी सुरक्षित असते, धक्क्याला लागलेली नसते. काठाकडे वळवा म्हणून त्याच्यावर ओरडू नका.

इशाऱ्याची व्यवस्था आता आहे. २००४ ला सकाळी साडेसहाला सुमात्रात भूकंप झाला आणि नऊच्या सुमारास चेन्नईला पाणी आलं. मधल्या अडीच तासांत किनाऱ्यावर अधिकृत इशारा पोचलाच नाही. देशभरात मेलेले आणि बेपत्ता मिळून पंधरा हजारांहून अधिक माणसं गेली. त्यानंतर २००७ मध्ये हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात, म्हणजे ‘इन्कॉईस’मध्ये, त्सुनामी इशारा केंद्र सुरू झालं. समुद्रतळाशी पाण्याचा दाब मोजणारी यंत्रं, बंदरांतली भरतीमापक यंत्रं आणि भूकंपमापकांचं जाळं यांच्या आधारे भूकंपानंतर दहाएक मिनिटांत पहिली सूचना निघते. मकरानहून लाट यायची तर कोकणाला काही तासांचा अवधी मिळू शकतो. इतक्या लांबच्या भूकंपाचा धक्का तुमच्या पायाला कदाचित जाणवणारही नाही, तेव्हा ही सूचनाच तुमची पहिली खूण. पण ती जिल्हा प्रशासनापर्यंत पोचली तरी पुळणीवर खेळणाऱ्या मुलांपर्यंत कशी येणार? सगळ्यांचे मोबाइल पिशवीत, पिशव्या गाडीत, आणि डोंगराखाली रेंज नाही. म्हणून प्रत्येक गटात एका मोठ्या माणसानं पाण्यात उतरायचं नाही. त्याच्या फोनमध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ ॲप असावं, फोन हातात असावा, गळ्यात शिट्टी असावी. मदतीसाठी ११२, जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७. हाच माणूस बुडण्याच्या नेहमीच्या धोक्यावरही लक्ष ठेवील. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्सुनामी क्वचित येते, ते दुःख दर वर्षी कुठल्या ना कुठल्या गावाच्या वाट्याला येतं.

यंत्रणा नसतानाही माहितीनं माणसं वाचली आहेत. सुमात्राजवळच्या सिमेल्यू बेटावर १९०७ मध्ये मोठी त्सुनामी आली होती. ‘जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे गेला की डोंगरावर पळायचं’ हे तिथल्या आज्यांनी नातवंडांना गाण्यांतून, गोष्टींतून जवळजवळ शंभर वर्षं सांगितलं. २००४ ला हे बेट भूकंपाच्या अगदी जवळ होतं. पाऊण लाखाहून अधिक वस्तीतली सात माणसं दगावली, बाकीचे डोंगरावर होते. त्याच सकाळी थायलंडच्या फुकेत बेटावर टिली स्मिथ नावाच्या दहा वर्षांच्या इंग्रज मुलीनं पाण्याची विचित्र वागणूक ओळखली. दोनच आठवड्यांपूर्वी ती भूगोलाच्या तासाला शिकली होती. तिनं आईवडिलांना सांगितलं, पुळण रिकामी झाली आणि तिथं कुणी मेलं नाही.

आपली एक सवय मला सर्वांत जास्त भिववते. सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर आलं हे विचारत पुराचा अंदाज बांधायचा, आणि ‘आमच्या दारापर्यंत कधी आलं नव्हतं’ म्हणत शेवटपर्यंत घर सोडायचं नाही. २००५ ला हेच झालं, २०१९ ला पुन्हा झालं, आणि मग रात्री-अपरात्री होड्या मागवाव्या लागल्या. कृष्णा निदान तासातासाला फूट-अर्धा फूट चढते, विचार करायला वेळ देते. समुद्र तो वेळ देणार नाही.

अफवांबद्दल थोडक्यात. कोयना किंवा वारणेच्या धक्क्यानं समुद्रात त्सुनामी येत नाही. भूकंप झालेलाच नसताना ‘आज रात्री अमुक वाजता त्सुनामी’ असा निरोप व्हॉट्सॲपवर आला तर तो खोटा आहे, कारण भूकंपाची वेळ आधी सांगता येत नाही. पुढे पाठवू नका. पण कोकणात पुळणीवर असताना जमीन जोरानं हादरली, तर ती कोयनेची की समुद्राखालची याची चर्चा वर चढून गेल्यावर करा. धोका नव्हता असं कळलं तर अर्धा तास आणि थोडा घाम गेला, एवढंच.

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन आहे. तो बहुतेकदा दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास येतो, म्हणून सुट्टी लागायच्या आधीच एक तास यासाठी ठेवा. परातीत पाणी घेऊन खालून तळ उचलून दाखवा, नकाशावर मकरान दाखवा, आणि मग मुलांना वर्गातून गच्चीवर जायचा सराव करू द्या. सहलीच्या संमतिपत्रावर मुक्कामाच्या ठिकाणचा उंच भाग कोणता आणि पाण्याबाहेर थांबणारे शिक्षक कोण, या दोन ओळी छापा. त्या दोन ओळी नसतील तर पालकांनी सही करण्याआधी विचारावं. गाडीचालक बंधूंनी गाडी नेहमी तोंड चढाकडे करून लावावी. जखमी किंवा वयस्कर माणसांना हलवायची वेळ आली तर तीच उपयोगी पडेल.

आणि ज्यांची मुलं, भाऊ, मेहुणे मुंबईत कामाला आहेत, वर्सोवा-माहीम-वरळीच्या बाजूला राहतात, त्यांनी आज संध्याकाळी एक फोन करावा. इमारतीचा तिसरा मजला किंवा गच्ची उघडी असते का, किल्ली कुणाकडे असते, हे त्यांना विचारायला सांगा.